येव काय?

चहा घेऊन खाली जायचं, एवढंच माझं काम होतं. रोज संध्याकाळी आई स्टीलच्या पेल्यात चहा ओतून वर बशी झाकायची आणि मी तो न सांडता जिना उतरून आजोबांना नेऊन द्यायचे. आजोबा तळमजल्यावर, मंडळाच्या अभ्यासिकेच्या दाराशी स्टुलावर बसलेले असायचे. अभ्यासिकेची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. ती त्यांनी कधी कोणाला दिली नाही. मंडळाच्या अध्यक्षांनासुद्धा नाही.

चहा संपला की आजोबा उठायचे. एका हाताने कुलूप धरायचे, दाराजवळ तोंड न्यायचे आणि अगदी हळू, आत कोणी झोपलेलं असावं अशा आवाजात विचारायचे,

"येव काय?"

मग एक श्वासभर थांबायचे. आणि किल्ली फिरवायचे.

आमची चाळ लोअर परळला आहे, काचेच्या ऑफिसांच्या मागे. अभ्यासिका व्हायच्या आधी ती खोली आमच्या गावकऱ्यांची होती. गावातले जे पुरुष गिरणीत कामाला होते ते सगळे त्या एका खोलीत राहायचे, बायकामुलं कोकणात. माणसं जास्त आणि जागा कमी, म्हणून एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. त्यामुळे खोलीत कायम कोणीतरी झोपलेलं. पाळीवरून आलेल्याने आत पाऊल टाकण्याआधी चपला काढायच्या, दारातून हळूच "येव काय?" विचारायचं, आणि दारापाशी जो झोपला असेल त्याने "ये" म्हणायचं. तोपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, नाहीतर अंधारात कोणाच्या तरी हातापायावर पाय पडायचा. आणि झोप कितीही गाढ असली तरी "ये" म्हणणं चुकवायचं नाही.

आजोबांची जागा दारापाशी होती. म्हणजे "ये" म्हणायचं काम त्यांचं.

मी लहान असताना एकदा विचारलं होतं, "आजोबा, आता आत कोणी नसतं. मग कुणाला विचारता?"

"सवय गो."

"आणि आतून कोणी 'ये' म्हटलं तर?"

त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आवशीक सांग, साखर कमी होती."

आता मी नववीत आहे. माझं नाव शेवंती. हे पणजीचं नाव, त्यामुळे वर्गात हजेरी घेताना मागच्या बाकावर कोणीतरी हसतंच. वर्गात हात वर करायचा म्हटलं की माझा हात दगडासारखा जड होतो. प्रश्न डोक्यात तयार असतो, शब्दही तयार असतात, पण तास संपतो.

अभ्यासिकेत मात्र दोन कॉम्प्युटर आहेत. एका ऑफिसने जुने झाले म्हणून मंडळाला दिलेले. एक कोपऱ्यात आहे, तो मनात आलं तर चालतो. दुसरा दारापाशी, कारण प्लग तिथेच आहे. मी त्याच्यावर बसते. चाळ पुढच्या महिन्यात रिकामी करायची आहे, निम्म्या खोल्यांना टाळी लागलीत, मुलं कमी झालीत. त्यामुळे हल्ली संध्याकाळी बहुतेक वेळ मी एकटीच असायचे.

तिथे मला हरेश्वर सरांचा फोरम सापडला. सर ठाकूरद्वारला राहतात, इंजिनीअर होते, आता निवृत्त आहेत. मराठी शाळेतली जी मुलं प्रोग्रॅमिंग शिकतात त्यांच्यासाठी त्यांनी हा फोरम काढला. प्रश्न टाकायचा, ज्याला येईल तो उत्तर देतो. तिथे हात वर करावा लागत नाही.

पण पहिल्याच दिवशी मी सरांच्या तावडीत सापडले. विज्ञान प्रदर्शनासाठी मी चाळीच्या पाण्याच्या पाळीचा प्रोग्रॅम लिहीत होते, नळावर कोणत्या खोलीची पाळी कधी ते दाखवणारा. तो शेवटची खोली गाळत होता. मी आईच्या मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो काढला आणि 'अर्जंट, प्रोग्रॅम चालत नाही, मदत करा' असं लिहून टाकून दिला.

सरांचं उत्तर आलं, "शेवंती, डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणतेस का? कुठे दुखतंय? कधीपासून? घरी काय करून पाहिलंस? आणि फोटोतला प्रोग्रॅम मी वाचायचा कसा, भिंग लावून? शिवाय अर्जंट तुला आहे, आम्हाला नाही."

माझे कान तापले. पण सरांनी खाली शांतपणे समजावलं होतं. शीर्षकातच अडचण सांग. तुला काय व्हायला हवं होतं ते लिही, प्रत्यक्षात काय झालं ते लिही, तू काय काय करून पाहिलंस ते लिही. नको तो भाग काढून टाक आणि जेवढ्यात चूक दिसते तेवढंच ठेव. मी सगळं पुन्हा लिहायला बसले, 'यादीतली शेवटची खोली छापली जात नाही' असं शीर्षक दिलं, आणि लिहिता लिहिता चूक मलाच दिसली. मोजणी एक आधीच थांबत होती. मी आनंदाने खिडकी बंद करणार, तेवढ्यात सरांचा निरोप, "आता पळून जाऊ नकोस. काय चुकलं होतं ते लिही, आणि प्रश्नावर 'सुटलं' अशी खूण कर. उद्या दुसरं कोणी इथेच अडखळेल."

फोरमच्या माथ्यावर सरांनी असे बरेच नियम लावून ठेवले होते. त्यातला एक मला फार आवडायचा. प्रश्न कितीही वेडावाकडा असो, विचारणाऱ्याला नीट विचारा, पण गप्प बसून माणसाला हाकलू नका.

तर त्याच फोरमवर, दिवाळीच्या सुट्टीत, दिवे लागायच्या वेळेला, एक नवा प्रश्न आला. नाव होतं शिवा. शीर्षक होतं,

'येव काय?'

आणि खाली एकच ओळ. 'कोणी बोलत नाही.'

मी शीर्षक पुन्हा वाचलं. बाहेर स्टुलावर आजोबा बसले होते. त्यांची पाठ मला दारातून दिसत होती.

मुलांनी लगेच खेचायला घेतलं. ठाण्याच्या एका मुलाने लिहिलं, "काका, हा फोरम आहे, लॉज नाही." दुसरा म्हणाला, "येव काय म्हणजे कुठली प्रोग्रॅमिंग भाषा?" आणखी एकाने विचारलं, "जेवूनच जाणार का?" सरांनी त्यांना दटावलं की कोणाच्या बोलीला आणि नव्या माणसाला हसायचं नाही. मग शिवाला लिहिलं, "आपला प्रश्न प्रोग्रॅमिंगचा आहे का? असल्यास नीट मांडा." उत्तर आलं नाही. सरांनी प्रश्न बंद केला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला तो पुन्हा उघडा होता. 'येव काय?' खाली तीच ओळ.

सरांनी पुन्हा बंद केला. तो पुन्हा आला. शेवटी सरांनी सगळ्यांसाठी लिहिलं, "कोणीतरी थट्टा करत आहे. उत्तर देऊ नये, म्हणजे कंटाळून जाईल."

आणि खरंच कोणी उत्तर देईना. मुलं आपापले प्रश्न विचारत राहिली, एकमेकांना समजावत राहिली, आणि रोज संध्याकाळी त्या सगळ्यांच्या मधे ती एक ओळ येऊन उभी राहायची. कोणीतरी गर्दीच्या कडेला उभं आहे आणि सगळे त्याला वळसा घालून जाताहेत, असं मला दिसायचं. माझं प्रोग्रॅममध्ये लक्ष लागेना. मी खुर्चीत चुळबुळ करायचे, उठून पाणी प्यायचे, पुन्हा येऊन तीच ओळ बघायचे.

खरं सांगायचं तर मला ते सहन होत नव्हतं. तोंडाशी प्रश्न घेऊन बसलेलं असताना बाईंची नजर आपल्यावरून पुढे गेली की कसं वाटतं, ते मला माहीत आहे.

म्हणून मी लिहिलं. सरांनीच शिकवलेल्या पद्धतीने, नम्रपणे लिहिलं. "नमस्कार. तुमची अडचण नीट कळली नाही. तुम्हाला काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? तुम्ही काय काय करून पाहिलंत?"

उत्तर लगेच आलं. जणू तो या तीन प्रश्नांचीच वाट पाहत होता.

'आतून ये म्हणतील असं वाटलं होतं.

आत दिवा आहे. सगळे जागे आहेत. सावल्या दिसतात. कोणी बोलत नाही.

कडी वाजवून पाहिली. नळावर जाऊन थांबलो. खिडकीखालून एकेकाचं नाव घेतलं. समोरच्या खानावळीत गेलो, बाईने ताट वाढलं पण तीही बोलली नाही. पुन्हा दाराशी आलो.'

मी बोटं कीबोर्डवरून उचलली.

आमच्या अभ्यासिकेला एकच खिडकी आहे. ती नळाच्या बाजूला उघडते. आणि समोर, गल्लीपलीकडे, पूर्वी गंगुबाईंची खानावळ होती.

फोरमवर आमच्या चाळीचं नाव मी कधी लिहिलं नव्हतं.

मी बाहेर पाहिलं. आजोबा स्टुलावर नव्हते. दिवाबत्ती करायला वर गेले असावेत. पॅसेजमधला दिवा कोणी लावला नव्हता आणि संध्याकाळ दारापर्यंत येऊन थांबली होती. मग मला वास आला. आधी वाटलं कोणाच्या तरी घरी काही करपलं. पण तो तसला वास नव्हता. कापसाचा होता, दमट कापसाचा, आणि त्यात मशीनचं तेल. आजोबांची जुनी पेटी उघडली की येतो तसा.

दाराबाहेर काहीतरी किणकिणलं. अगदी बारीक. जेवणाच्या डब्याची कडी वाजते तसं… डबा या हातातून त्या हातात घेतला की वाजते, तसं.

स्क्रीनवर नवी ओळ आली होती.

'आता दारापाशी तू बसतेस. तू सांग. येव काय?'

मी धावले. दारातून जाताना अंग चोरून, एका बाजूने गेले. का, ते मला सांगता येणार नाही. दारात कोणी नव्हतं.

गंगुबाई गल्लीपलीकडे आपल्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. खानावळ कधीच बंद झाली, पण त्या अजून तिथेच राहतात, आणि अजून पाच जणांची भाजी एकटीसाठी निवडतात.

"काय गं शेवंते, कुत्रं मागं लागलं का?"

"गंगुआजी," मी म्हटलं, "शिवा कोण?"

त्यांचे हात थांबले. "कुणी सांगितलं तुला ते नाव?"

"कॉम्प्युटरवर आलंय. रोज येतं. येव काय म्हणून विचारतो."

गंगुबाईंनी माझ्या खांद्यावरून अभ्यासिकेच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता तिथंपण आला का बाबा," त्या हळू म्हणाल्या. मग सुपाकडे बघत बोलू लागल्या. "तुझ्या आजोबाचा जोडीदार. एकाच गावचे, गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर. एका ताटात जेवायचे दोघं, माझा एक वाढपाचा त्रास वाचायचा. मग संप झाला. वरीस उलटलं तरी मिटेना. गावाकडं शिवाची पोरगी तापानं फणफणली होती. यानं एक दिवस डबा घेतला आणि गेला गिरणीत. एकच दिवस. इकडं खोलीत सगळ्यांनी ठरवलं, जो आत गेला त्याच्याशी बोलायचं नाही. मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. नुसतं बोलायचं नाही."

"मग?"

"मग काय. दिवेलागणीला आला. दाराशी उभा राहिला आणि विचारलं, येव काय. खोली भरलेली होती, सगळे जागे. कोण बोललं नाही. आणि ये म्हटल्याशिवाय आत जायचं नाही, ही त्यांची रीत. तो बिचारा रीत मोडीना, आणि हे तोंड उघडीनात."

"तुम्ही पण नाही बोललात," मी म्हटलं. एवढं धीट मी कोणाशी बोलत नाही.

गंगुबाईंनी एक काडी मोडली. "ताट वाढलं मी. बोलले नाही. उद्या त्याच खोलीला जेवायला घालायचं होतं मला." मग म्हणाल्या, "खाल्लं नाही त्यानं. परत जाऊन दाराशी उभा राहिला. मी चूल विझवायला आत गेले, बाहेर आले तर दारात कोण नव्हतं. गिरणीत गेला नाही, गावाला पोचला नाही. तुझा आजोबा, राजारामभाऊ, वेड्यासारखा शोधत फिरला, पार दादरपर्यंत. पण दारात राहिलेला माणूस लांब जाऊन कसा सापडंल?"

गल्लीत अंधार उतरत होता. मला पुन्हा तो वास आल्यासारखा वाटला.

"आजोबा 'ये' का नाही म्हणाले?"

"ते त्याला विचार. नको, विचारू नको. त्याला ते रोज ऐकू येतं. म्हणून तर किल्ली कुणाला देत नाही. आता चाळ पाडणार, दारच राहणार नाही, तर अलीकडं झोपतपण नाही तो. तुझी आई सांगत होती. असाच राहिला तर पाडायच्या आधी तोच जायचा."

आई मलाही म्हणाली होती, आजोबा रात्रभर गॅलरीत उभे असतात. मला वाटलं होतं चाळ सोडायचं दुःख असेल.

"आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर? 'ये' म्हणून?"

गंगुबाईंनी मान वर केली. "दारापाशी जो बसला असंल त्यानंच म्हणायचं असतं. पण ज्याच्या तोंडून हवं ते त्याच्याच तोंडून यायला पाहिजे. नाहीतर कोण आत येईल, काय सांगावं… तू कुठं बसतेस गं?"

मी वळून पाहिलं. समोर अभ्यासिकेत दिवा लागला होता. दारातून आजोबांची सावली आत जाताना दिसली.

मी परत गेले तेव्हा ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. एक बोट स्क्रीनवर ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचत होते. चष्मा वर घरातच राहिला होता.

"ह्यां खंयसून इलां?"

"फोरमवर, आजोबा. मी फक्त विचारलं, काय अडचण आहे म्हणून… तो सांगत गेला."

"कोणी लिवलां?"

नाव स्क्रीनवरच होतं. त्यांनीही ते वाचलंच होतं. त्यांचं बोट खाली सरकत सरकत त्या ओळीपाशी आलं, 'खिडकीखालून एकेकाचं नाव घेतलं', आणि तिथेच थांबलं.

बाहेर डब्याची कडी किणकिणली.

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. स्क्रीनवर आधीची ओळ पुन्हा खाली उमटली. 'तू सांग.' मग पुन्हा. 'तू सांग.' ओळी भराभर येऊ लागल्या आणि पडदा वर वर सरकू लागला. मला एवढंच कळत होतं की कोणीतरी विचारतंय, फार वेळ विचारतंय, आणि दारापाशी मी आहे. मी खुर्चीत बसले. एक अक्षर लिहिलं. 'ये'. पाठवायचं बटण तेवढं राहिलं होतं.

आजोबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंडगार होता.

"तू काय बोला नको. ह्यां माझां काम."

त्यांनी मला खुर्चीसकट मागे ओढलं. मग दार लोटलं. कडी घातली नाही, नुसतं लोटलं. आणि दाराशेजारी, भिंतीला पाठ टेकून, सतरंजीवर खाली बसले. पाय दुमडून, गुडघ्यांवर हात. ती बसण्याची पद्धत म्हाताऱ्याची नव्हती.

ट्यूबलाइट गुणगुणत होती. कापसाचा वास इतका दाटला की घशात तंतू अडकल्यासारखे वाटायला लागले. मी खोकला दाबला.

बाहेरून कोणी बोललं का? मी ऐकलं असं मी म्हणणार नाही. पण आजोबांनी ऐकलं, ते मी पाहिलं. त्यांचा चेहरा दाराकडे वळला आणि ओठ हलले, पण आवाज फुटेना. मला वर्गातली मी आठवले. शब्द तयार, आणि तास संपत आलेला.

"आजोबा," मी कुजबुजले, "बोला ना."

"ये…" ते म्हणाले. मग घसा खाकरून, हळू, पण स्पष्ट, "ये रे शिवा. ये. लय उशीर झालो."

दार हललं नाही. निदान मला हलताना दिसलं नाही. फक्त फटीतून आलेला वारा माझ्या पायांवरून गेला. मग आजोबा, कोणी बाजूला बसायला आलं की आपण सरकतो ना, तसे थोडे सरकले. त्यांनी जागा दिली. आणि त्या रिकाम्या जागेत सतरंजी दबली. मी डोळे मिटले. भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, कडीचा, शेवटचा. मग काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा आजोबा रडत होते, आवाज न करता. स्क्रीनवर ओळी थांबल्या होत्या. मी 'ये' पाठवलेलं नव्हतं, ते अजून चौकटीत तसंच होतं. पण प्रश्नावर हिरवी खूण होती. 'सुटलं.'

आम्ही बाहेर आलो. आजोबांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या रात्री ते अंथरुणावर पडताच झोपले. सकाळी आई मला म्हणाली, "किती दिवसांनी घोरले गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मैत्रिणीच्या मोबाईलवर फोरम उघडून पाहिला. हरेश्वर सरांनी तो प्रश्न सर्वांत वर लावून ठेवला होता. लिहिलं होतं, "मी चुकलो. मी ज्याला थट्टा समजलो त्याला शेवंतीने नीट विचारलं. प्रश्नकर्त्याने शेवट कसा केला तेही पाहा. प्रश्न सुटल्यावर असं लिहावं." आणि खाली शिवाचं शेवटचं लिखाण होतं. ते आदल्या संध्याकाळी मी वाचलंच नव्हतं.

'सुटलं. ज्याला विचारलं होतं त्यानेच उत्तर दिलं. आता मी आत आहे. दारापाशी जागा मिळाली आहे. यापुढे कोणी दाराशी आलं तर त्याला ताटकळत ठेवणार नाही, मी उत्तर देईन.'

खाली मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ठाण्याच्या मुलाने लिहिलं होतं, "सॉरी काका."

आजोबांना हे सांगायला हवं होतं. पण घरी आले तेव्हा आईने पेल्यात चहा ओतून ठेवला होता, आणि आजोबा कधीच खाली गेले होते.

मी जिना उतरले तेव्हा संध्याकाळ दारापर्यंत आली होती. आजोबा स्टुलावर बसले होते, गालांवर थोडा रंग होता. त्यांनी चहा घेतला, सावकाश, फुंकर घालून.

"आज उघडू नका," मी म्हटलं. "मला अभ्यास नाही."

"वारो तरी जावंदे आत," ते म्हणाले आणि उठले.

त्यांनी कुलूप हातात धरलं. कुलूप बंद होतं. मी नीट पाहिलं. काल लावलं होतं तसंच. किल्ली आत गेली. मग त्यांनी दाराजवळ तोंड नेलं. त्यांनी ते मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांची सवय.

"येव काय?"

एक श्वास.

"ये," आतून कोणीतरी म्हणालं.

आजोबांचा हात किल्लीवरच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि तेच मला बघवेना. मग खाली वाकून, एका हाताने भिंतीचा आधार घेऊन, त्यांनी आधी एक चप्पल काढली, मग दुसरी.

"नको, आजोबा," मी म्हटलं. सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. दोन्ही हातांनी त्यांचा सदरा घट्ट धरला.

आत शांत झालं. खोली भरलेली असते आणि सगळे जागे असतात, तसं शांत.

मग दाराच्या अगदी जवळून, हळूच, कोणाची झोप मोडू नये अशा आवाजात, आतून शब्द आले.

"तूय ये गो."